कोकणच्या हवेत कॅम्परव्हॅनचं अस्तर: आधी ओल, मग ऊन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनीच्या स्टाफची ने-आण करणारी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर तुम्ही दोघांनी घेतली आहे आणि तिची आत झोपता-राहता येईल अशी कॅम्परव्हॅन करायची आहे. त्यासाठी पत्र्याला आतून उष्णता अडवणारं अस्तर हवं आहे. गाडी कासारवडवलीला सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते. बहुतेक सुट्ट्यांना कोकण आणि जमेल तेव्हा हिमाचलातलं थंडगार स्पिती, असा बेत आहे. सुतार म्हणतो 50 मिलिमीटर थर्माकोल भरू आणि वरून प्लाय मारू, तर एक मित्र म्हणतो ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची गादी, घ्या. यातलं काय घ्यायचं?

दोन्ही घेऊ नका. त्याचं कारण जरा लांबण लावून सांगतो, कारण ते एकदा नीट कळलं की पुढचे बारीकसारीक निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील.

दुसरीकडे अस्तर लावून घेतलेल्या गाड्या दोन-तीन पावसाळ्यांनी आमच्या रबाळ्याच्या शेडमध्ये उघडायला येतात. तक्रार एकच असते, आत कुबट वास येतो. पॅनल काढलं की मागे पत्र्यावर गंजाचे फुगे, प्लायच्या पाठीला काळी बुरशी आणि हातात घेतल्यावर जड लागणारं ओलं ग्लासवूल. मालकाला वाटतं टप गळतोय. कधीकधी तसं असतंही, पण बऱ्याच गाड्यांमध्ये वरून एक थेंब आलेला नसतो. ते सगळं पाणी हवेतून आलेलं असतं.

हवेतल्या ओलीचं गणित असं. जुलैच्या रात्री ठाण्यात बाहेर 28 अंश आणि 90 टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा साधारण 26 अंशांच्या पृष्ठभागाला टेकली की तिच्यातलं पाणी सुटायला लागतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून घाम येतो, तेच. आता गाडीत एसी लावून 24 अंश केलेत, तर अस्तराची मागची बाजू 24-25 वर येते. दाराच्या फटींतून आणि खांबांच्या भोकांतून दमट हवा अस्तरामागे शिरते आणि तिथेच पाणी धरते. म्हणजे आपल्याकडे एसी चालू असताना ओल बाहेरून आत येते. स्पितीला याच्या उलट. तिथे पत्रा शून्याखाली आणि आत तुम्ही दोघं झोपलेले. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि घामातून साधारण अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त पाणी हवेत सोडतात. ही वाफ आतून बाहेर जायला बघते आणि गार पत्र्यावर गोठते. सकाळी ऊन आलं की वितळून अस्तराच्या मागून खाली उतरते.

घराच्या भिंतीत वाफेला अडवणारा थर कोणत्या बाजूला लावायचा ते हवामानावरून ठरवता येतं. तुमची गाडी दोन्ही हवामानांत जाणार, त्यामुळे एका बाजूला प्लास्टिक लावून भागणार नाही. एकच उपाय खरा आहे: असं इन्सुलेशन, ज्याच्या आत पाणी शिरतच नाही, आणि ते पत्र्याला असं चिकटवायचं की मागे हवेला जागाच उरत नाही. हवा नाही तर ओल नाही, ओल नाही तर गंज नाही. जाडी, ब्रँड, रंग हे सगळं त्यानंतर.

बंद पेशींचा फोम म्हणतात तो हाच. आपल्या बाजारात यातले दोन सहज मिळतात: नायट्राइल रबरचा काळा फोम आणि क्रॉसलिंक पॉलिइथिलीन, ज्याला सगळे एक्सएलपीई म्हणतात. दोन्ही एअर कंडिशनिंगच्या डक्टला गुंडाळतात, त्यामुळे महापे, ऐरोली, वागळे इस्टेट भागात डक्टचं काम करणाऱ्यांना विचारलंत तरी दुकानाचा पत्ता मिळेल. नायट्राइल मऊ असतो, टपाच्या गोलाईत आणि चाकाच्या कमानीवर छान बसतो आणि त्यात आग पटकन न धरणारा प्रकार मिळतो. एक्सएलपीई वजनाला हलका, साधारण निम्मा, पण थोडा ताठ. मी टप आणि कमानींना नायट्राइल लावतो आणि सपाट बाजूंना एक्सएलपीई. घेताना एक छोटी पट्टी मागून घ्या, उघड्यावर नेऊन लायटर लावा आणि लायटर बाजूला केल्यावर ती विझते का पाहा. पेटत राहून थेंब गळणारा माल झोपायच्या जागेत नको. गाडीच्या आतल्या सामानाच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस 15061 हे भारतीय मानक आहे, त्याचं टेस्ट सर्टिफिकेट विक्रेत्याकडे मागायला लाजू नका.

थर्माकोलबद्दल तुमच्या सुताराचं मत मी समजू शकतो, कारण स्वस्त आहे आणि फ्लॅटच्या फॉल्स सीलिंगवर ते चालून जातं. गाडीत तीन अडचणी येतात. ते ताठ असल्यामुळे वाकड्या पत्र्याला चिकटत नाही, मागे पोकळी राहतेच. 75-80 अंशांच्या पुढे ते आकसायला लागतं आणि मे महिन्यात गडद रंगाचा टप दुपारी त्या आकड्याच्या फार जवळ जातो. तिसरी अडचण तर कामाच्या पहिल्या दिवशीच कळते: फोम चिकटवायचं जे सोल्युशन आपण वापरतो, त्यातला टोल्युइन थर्माकोलला अक्षरशः विरघळवतो. वर खड्ड्यांच्या रस्त्यावर ते कुरकुरतं, त्या आवाजाने रात्रीचा प्रवास नकोसा होतो. ग्लासवूल चांगली वस्तू आहे, पण स्थिर आणि कोरड्या भिंतीसाठी. गाडीच्या हादऱ्यांनी ते खाली बसतं, वरचा भाग रिकामा होतो आणि दमट हवेतलं पाणी धरून ठेवतं.

पीयू (पॉलियुरेथेन) फोम फवारून घेण्याचा सल्लाही कोणीतरी देईल. जाडीच्या मानाने इतकी रोधकता सहज मिळणाऱ्या मालात क्वचितच असते, हे खरं. पण फुगताना तो पातळ पत्रा वाकवू शकतो, दाराच्या आणि उंबऱ्याच्या पोकळीतली पाणी जायची भोकं बुजवतो आणि पुढे वायर बदलायची वेळ आली तर सगळं कोरून काढावं लागतं. पेटला तर त्याचा धूर विषारी असतो. राहण्याच्या गाडीत मी तो वापरत नाही.

आता काम कसं करायचं. तुमच्याकडे पावसाळा आहे, त्याचा फायदा घ्या. जुनं अस्तर, सिलिंगचं रेक्झिन, फ्लोअरचं मॅट सगळं उतरवा आणि गाडी उघड्या पत्र्यानिशी दोन-चार मोठ्या सरींमध्ये उभी करा, चालवा. घोडबंदर रोडवर पावसात एक फेरी मारली की हादऱ्यांनी उघडणाऱ्या शिवणीही कळतात. आत टॉर्च घेऊन बसा आणि जिथे ओल दिसेल तिथे खडूने खूण करा. पाणी जिथे दिसतं तिथून ते आलेलं नसतं. टपाच्या पन्हळीतून शिरून रिबच्या, म्हणजे पत्र्याला आतून आधार देणाऱ्या पोलादी पट्टीच्या, कडेने हातभर पुढे येऊन टपकतं, म्हणून खुणेपासून वर आणि मागे माग काढत जा. ट्रॅव्हलरमध्ये मी पहिल्यांदा पाहतो ते मागच्या दाराच्या वरचे कोपरे, काचांची रबरं, जुन्या कॅरिअरचे बोल्ट आणि टपावरच्या एसी युनिटची बैठक. जुन्या सिलिकॉनवर नवीन सिलिकॉन थापू नका. ते पूर्ण खरवडून पीयू सीलंट भरा.

गंज तारेच्या ब्रशने चकचकीत पत्र्यापर्यंत घासायचा. जिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचल्यावर पत्रा दबतो तिथे रंगाचा उपयोग नाही, तेवढा तुकडा कापून नवा जोडून घ्यावा लागतो. बाकी ठिकाणी गंज कन्व्हर्टर (उरलेला गंज पुढे वाढू न देणारं रसायन), मग एपॉक्सी प्रायमर, मग एक हात रंग. उंबऱ्याच्या आणि खांबांच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं मेण, फवारा आणि त्या पोकळ्या तशाच मोकळ्या ठेवा. तिथे फोम कोंबायचा मोह होतो, पण ती पाण्याची वाट आहे. दारांचंही तेच: काचेच्या रबरातून पाणी आत येणारच आणि खालच्या भोकांतून गेलं पाहिजे. दाराच्या बाहेरच्या पत्र्याला आतून फोम चिकटवा, पोकळी भरू नका.

चिकटवायचं काम मात्र पावसाळ्यात करू नका. दमट हवेत सोल्युशनमधला सॉल्व्हंट उडताना थर गार पडतो आणि त्यावर हवेतलं पाणी बसतं. वरून पांढुरकी झाक येते, आणि असा सांधा पहिल्या उन्हाळ्यात सुटतो. ऑक्टोबर उजाडू द्या. सकाळी दहाच्या सुमाराला, गाडी सावलीत, दारं सताड उघडी. वाफ डोक्यात चढते आणि पेटही घेते, तेव्हा जवळ विडी-सिगारेट नको, ग्राइंडर नको.

इथे हात सावकाश चालवा, कारण गाडीचं पुढचं आयुष्य याच टप्प्यावर ठरतं. पत्रा थिनरच्या फडक्याने पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. दोन रिबमधल्या प्रत्येक खणाचा वर्तमानपत्राचा नमुना कापा आणि फोम त्याहून सगळीकडून तीन-चार मिलिमीटर मोठा काढा. उष्णता सहन करणारं कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह पत्र्यावर आणि फोमवर, दोन्हीकडे पातळ लावा. बोट टेकवल्यावर चिकट लागेल पण बोटाला येणार नाही, इतकं सुकू द्या. मग फोमचा मध्य आधी टेकवा, तिथून कडांकडे रोलरने दाबत जा म्हणजे हवा बाहेर पडेल, आणि मोठ्या ठेवलेल्या कडा शेवटी आत दाबून बसवा. फोम ताणून लावायचा नाही. ताणलेला फोम महिनाभरात मूळ मापावर येतो आणि सांध्यात बोटभर फट पडते. गोलाईवर 25 मिलिमीटरचा एक जाड थर लावण्यापेक्षा 13 मिलिमीटरचे दोन थर सांधे आडवे-तिडवे ठेवून लावले तर जास्त घट्ट बसतात. शेवटी मुठीने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर तेवढा भाग उचलून परत लावा.

आवाज कमी करण्यासाठी ब्युटाइल रबरची चिकट शीट लावायची असेल तर ती फोमच्या आधी थेट पत्र्यावर. प्रत्येक खणाच्या मधोमध, एक-तृतीयांश भागाला लावली तरी पत्रा झणझणायचा थांबतो. सगळीकडे लावणं म्हणजे नुसतं वजन. डांबरी शीट घेऊ नका, उन्हात मऊ पडते आणि वास सुटतो.

जाडीचा प्रश्न. टपाचं क्षेत्रफळ 7 चौरस मीटर धरा, पत्रा 65 अंश आणि आतली हवा 30. उघड्या पत्र्यातून ढोबळमानाने 1400 वॉट उष्णता आत येते. 25 मिलिमीटर फोम लावला की ती 300 वॉटच्या आत येते. आणखी 25 लावून 50 केलंत तर 150 च्या आसपास. म्हणजे पहिल्या इंचाने अकराशे वॉट वाचतात, दुसऱ्या इंचाने जेमतेम दीडशे. एक टनाचा एसी साधारण 3500 वॉट उष्णता बाहेर काढतो, त्या मापाने बघा. दुसऱ्या इंचासाठी तुम्ही डोक्यावरची उंची देणार आणि ज्याला गाडीत ताठ उभं राहायचं असतं त्याला ती उंची रोज हवी असते. तुमच्या वापराला टपाला 25 आणि बाजूंना 19 ते 25 पुरे. नेहमीच बर्फात राहणार असता तर मी वेगळं सांगितलं असतं.

उरलेला पैसा रिबवर खर्च करा. पोलाद हे फोमच्या हजारपटीहून जास्त उष्णता वाहतं. खणांमध्ये उत्तम फोम आणि मध्ये रिब उघड्या, अशा गाडीत हिवाळ्यात अस्तरावर रिबच्या रेषेत ओलीचे पट्टे उमटतात. प्रत्येक रिबवर 6 मिलिमीटर फोमची पट्टी मारा आणि अस्तर त्या पट्टीवरून धरा.

चकचकीत फॉइलबद्दल फार गैरसमज आहेत. फॉइल किरणांनी येणारी उष्णता अडवते आणि त्यासाठी तिच्यासमोर मोकळी हवा लागते, निदान दोन सेंटीमीटर. पत्र्याला सोल्युशनने चिकटवलेली किंवा प्लायखाली दाबलेली फॉइल म्हणजे फक्त महाग कागद. टपाच्या रिबची खोली फोमपेक्षा जास्त असते, तेव्हा 25 चा फोम लावल्यावर अस्तराच्या वर थोडी पोकळी आपोआप उरते. फॉइल लावलेला फोम घ्या आणि फॉइल खाली, म्हणजे आतल्या बाजूला ठेवा. उष्णता वरून खाली येताना त्या पोकळीतली हवा फारशी हलत नाही आणि खाली तोंड असलेल्या फॉइलवर धूळही बसत नाही. ही पोकळी फोमच्या आतल्या बाजूला आहे, पत्र्याच्या बाजूला नाही, हा फरक सुताराला नीट दाखवून द्या.

आणि या सगळ्याच्या आधी टप पांढरा करून घ्या. गडद टपापेक्षा पांढरा टप भर दुपारी 15-20 अंशांनी सहज कमी तापतो. इतक्या खर्चात इतका फरक दुसरं काही देत नाही. गाडीचा रंग बदलला तर आरसी बुकात नोंद लागते, तेव्हा फक्त टप की पूर्ण गाडी, हे आधी आरटीओत विचारून घ्या.

फ्लोअरला एक्सपीएसचा (थर्माकोलच्याच जातीचा, पण घट्ट) ताठ बोर्ड, 20 मिलिमीटर, त्यावर 12 चं प्लाय. तिथे वजन पेलायचं असतं म्हणून मऊ फोम चालत नाही, आणि तिथे टपासारखं तापत नाही म्हणून एक्सपीएस चालतं. प्लाय आयएस 710 चा शिक्का असलेलं मरीन घ्या, कापलेल्या कडांना एपॉक्सी किंवा पीयू पाजा. इंजिनाच्या उंचवट्यावर मात्र हे काही नको, तिथे उष्णतारोधक खास मॅट लागतं.

वायरिंग अस्तराच्या आधी, लवचीक पाइपातून, आणि पाइपाचा नकाशा काढून फोटोसह जपून ठेवा. एक बारीक गोष्ट: पीव्हीसीची वायर थर्माकोलला किंवा एक्सपीएसला टेकून वर्षानुवर्षं राहिली तर तिचं प्लास्टिक ठिसूळ होतं, म्हणून फ्लोअरखालून वायर नेणार असाल तर पाइप हवाच.

आतलं अस्तर म्हणून मला बाजूंना 4 ते 6 मिलिमीटरचं मरीन प्लाय आणि टपाला 3 मिलिमीटरचं एसीपी (दोन पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेलं पॅनल) आवडतं. पीव्हीसी पॅनल स्वस्त आणि धुता येण्यासारखं आहे, पण बंद गाडीत उन्हाने लोंबतं. कार्पेट लावून घेणारे बरेच असतात, दिसतंही मऊ. कोकणात फिरणाऱ्या गाडीला मी ते सुचवत नाही, समुद्रावरची खारट ओल त्यात मुरते. पत्र्यात सेल्फ ड्रिलिंग स्क्रू ठोकत सुटू नका. रिबमध्ये एम 6 चे रिव्हेट नट (पत्र्याच्या भोकात पक्के बसणारे आटेवाले नट) बसवा, भोकाची कड घासून प्रायमर लावा आणि ड्रिलचा कीस व्हॅक्यूमने काढा. तो कीस कोपऱ्यात राहिला की पहिल्याच पावसात प्रत्येक कणाभोवती तांबूस ठिपका पडतो. पॅनल स्क्रूने उघडता यायला हवं, दरवर्षी दिवाळीच्या आधी दोन पॅनल काढून मागे हात फिरवून बघता आलं पाहिजे.

वजनाचा हिशेब शेवटाला ढकलू नका. 18 मिलिमीटर प्लायची आठ बाय चारची एक शीट 35 किलोच्या आसपास भरते, आणि सुतार घरातल्या वॉर्डरोबच्या सवयीने सगळीकडे 18 वापरतो. फर्निचरला 12 आणि जिथे जमेल तिथे 9 वापरा. काम सुरू करण्याआधी आणि अस्तर झाल्यावर गाडी तळोज्याच्या किंवा जवळच्या कुठल्याही वजनकाट्यावर नेऊन आरसीवरच्या कमाल वजनाशी ताडून बघा.

काचा हे सगळ्यात मोठं भगदाड. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन थेट पडलं की साध्या काचेच्या एका चौरस मीटरमधून अर्ध्या किलोवॉटच्या पुढे उष्णता आत येते, म्हणजे अख्ख्या इन्सुलेटेड टपाहून जास्त. गाडी उभी असताना लावायला फॉइलवाल्या एक्सएलपीईच्या गाद्या प्रत्येक काचेच्या मापाने शिवून घ्या. बाहेरून लावता आल्या तर उत्तम. चालत्या गाडीत त्या काढायच्याच: पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे.

हवा खेळती नसेल तर वर सांगितलेलं सगळं अर्धवट. टपावर 12 व्होल्टचा पंखा आणि त्याच्या विरुद्ध टोकाला खाली हवा यायची जाळी, एवढं हवंच. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते, म्हणून स्वयंपाक करताना पंखा चालू ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो गळला तर जमिनीवर साचतो, म्हणून सिलेंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक ठेवा. इन्सुलेशन केलेली गाडी हवाबंद होते आणि स्पितीच्या थंडीत शेगडी पेटवून झोपायचा विचार मनात येतो. कोळसा नको, गॅस नको, काहीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म उशापाशी लावा आणि जाळी थंडीतही उघडी ठेवा.

राहता राहिली कागदपत्रं, आणि ती तुम्ही विचारलेली नाहीत म्हणून मुद्दाम सांगतो. आतून फोम आणि अस्तर लावणं हा भाग सोपा आहे. पण सीट काढणं, टप कापून पंखा बसवणं आणि पिवळ्या पाटीची गाडी खासगी करणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 आणि नोंदणीच्या कक्षेत येतं. कंपनीने बनवलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. कॅरव्हॅनसाठी एआयएस 124 हे वेगळं मानक आहे. गाडी एमएच 04 ची असेल तर ठाणे आरटीओत, एमएच 43 ची असेल तर नवी मुंबई आरटीओत, आरसी आणि गाडीचे फोटो घेऊन जा. सीट कमी करण्याची आणि प्रकार बदलण्याची परवानगी लेखी घ्या आणि तीच प्रत विमा कंपनीला द्या. पावसाळाभर गाडी गळती शोधायला उघडी राहणारच आहे, तेवढ्या काळात हे काम उरकून घ्या.